घरातील अनोळखी किडा ओळखावा कसा?

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला की त्याच संध्याकाळी आपल्या चितेगावातील घराघरांत पाहुण्यांची रीघ लागते. त्यांस आमंत्रण कोणी दिलेले नसते. ओसरीवरचा दिवा लागला रे लागला की कोणी भिंतीवर येऊन बसतो, कोणी दिव्याभोवती घिरट्या घालतो, कोणी ताटात पडतो, तर कोणी निजलेल्या मुलाच्या मानेवरून चालत जातो. अशा वेळी घरात एकच प्रश्न उठतो, ‘हे काय आहे?’ आणि उत्तराची वाट न पाहताच चप्पल उचलली जाते. प्रश्न आणि चप्पल यांच्यामध्ये विचारासाठी एक मिनिट मिळवून द्यावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

एका मिनिटाचे एवढे महत्त्व ते काय, असे कोणी विचारील. विद्यार्थीमित्रहो, या पाहुण्यांपैकी एक असा आहे की जो चावत नाही, डसत नाही, परंतु अंगावर चिरडला असता कातडी भाजून काढतो. दुसरा असा की तो स्वतः निरुपद्रवी दिसतो, पण तो दिसला म्हणजे दाराच्या चौकटीची चौकशी करणे प्राप्त होते. तिसरा दिसला तर त्याला मारून काम भागत नाही. पाण्याचा रांजण पालथा करावा लागतो. आणि चौथा असा की त्याला मुळी मारूच नये. चौघांनाही ‘किडा’ हे एकच नाव देऊन एकच शिक्षा देणे हा न्याय तर नव्हेच, पण शहाणपणही नव्हे. ओळख पटली म्हणजेच उपाय ठरतो.

आपल्या गावाचे स्थान पाहिले तर येथे इतके प्रकार का येतात हे ध्यानात येईल. छत्रपती संभाजीनगराहून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावर चितेगाव वसले आहे. एका अंगास कारखाने व त्यांचे रात्रभर जळणारे प्रखर दिवे, दुसऱ्या अंगास कापूस, मका, बाजरी यांची शेते, आणि पुढे पैठणास जायकवाडीचा विस्तीर्ण नाथसागर. शेतातील कीटक दिव्यांकडे ओढले जातात. साठविलेल्या पाण्यात डास वाढतात. आणि घरातील धान्यात, लाकडात व पुस्तकांत राहणारे कीटक तर बारमाही बिऱ्हाडकरूच असतात. तेव्हा किडा दिसल्यावर तो शेतातून आला, पाण्यातून आला, की घरातच वाढला, हा पहिला विचार मनात यावा.

(१) प्रथम पाय मोजा

ज्याला शास्त्रात कीटक म्हणतात त्याची खूण सोपी आहे. पूर्ण वाढलेल्या कीटकाच्या शरीराचे डोके, छाती व पोट असे तीन भाग असतात. डोक्यावर दोन मिशा असतात. आणि छातीला पायांच्या तीन जोड्या, म्हणजे सहा पाय असतात. पंख असल्यास तेही छातीलाच जोडलेले असतात. या कसोटीस न उतरणारे कितीतरी प्राणी आपण सरसकट किड्यांत जमा करतो. कोळी, विंचू व मोठी गोचीड यांना आठ पाय असतात. म्हणून ते कीटक नव्हेत. पहिल्या पावसानंतर मऊ जमिनीवर फिरणारा, लाल मखमलीचा अंगरखा घातलेला जो मृगाचा किडा मुले कौतुकाने तळहातावर घेतात, त्याचे पाय मोजून पाहा. तेही आठ भरतील. नावात किडा असला तरी त्याचे गोत्र कोळ्याचे आहे. गोमीच्या शरीराच्या बहुतेक प्रत्येक वलयास पायांची एक जोडी असते, तर हात लावताच चकलीसारखे वेटोळे करणाऱ्या वाणीच्या, म्हणजे पैशाच्या, बहुतेक वलयांस दोन-दोन जोड्या असतात. गोम चावते, वाणी चावत नाही. पायांच्या गणतीने एवढा भेद एका क्षणात कळतो.

पाय मोजण्याचे महत्त्व विद्वानांसही सावकाश पटले. स्वीडन देशातील लिनीयस या पंडिताने १७५८ साली आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत प्राणिसृष्टीची व्यवस्थित वर्गवारी केली, तेव्हा कीटकांचे सात गण त्याने मुख्यतः पंखांवरून पाडले. त्याचे ते धोरण इतके उपयुक्त ठरले की त्यांतील कित्येक नावे आजही चालतात. परंतु ‘पंख नसलेले’ म्हणून जो शेवटचा गण त्याने केला, त्यात कोळी, विंचू, गोम आणि खेकडा यांचीही भरती झाली! पुढील शास्त्रज्ञांनी पाय व शरीराचे भाग पाहून ही मंडळी निराळी काढली. म्हणून आपणही पाय आधी मोजावेत व पंख मागाहून पाहावेत.

एक सावधगिरी येथेच सांगणे अवश्य आहे. पुष्कळ कीटकांचे बालपण त्यांच्या मोठेपणाशी मुळीच जुळत नाही. फुलपाखराची पूर्वावस्था अळी, माशीची पूर्वावस्था बिनपायांची अळी, आणि डासाची पूर्वावस्था पाण्यात वळवळणारा जंत. सुरवंटास सहाहून अधिक पाय दिसतात खरे, पण त्यांतील पुढचे सहाच सांध्यांचे खरे पाय होत. मागचे मांसल गोळे केवळ धरून राहण्यासाठी असतात. याउलट झुरळाचे, नाकतोड्याचे व ढेकणाचे पिलू लहानपणापासूनच आईबापांसारखे दिसते. झुरळाच्या व नाकतोड्याच्या पिलास पंख मात्र नसतात. ढेकणास ते मोठेपणीही येत नाहीत.

(२) नंतर पंख व तोंड पाहा

पाय सहा भरले म्हणजे पंखांकडे वळावे. पंख दोनच असतील व त्यांच्या मागे टाचणीच्या डोक्यासारख्या दोन बारीक गुंड्या असतील, तर तो माशी, डास, चिलट यांच्या कुळातील आहे. पुढचे दोन पंख कठीण ढालीसारखे होऊन पाठीच्या मध्यावर एका सरळ रेषेत मिळत असतील, तर तो भुंगेऱ्यांच्या कुळातील. पावसाळ्याच्या आरंभी दिव्यावर आदळणारे हुमणीचे तपकिरी भुंगेरे याच कुळातले. पंखांवर बोटास लागणारी भुकटी असेल तर ते फुलपाखरू किंवा पतंग. चार पातळ पारदर्शक पंख असून कंबर बारीक असेल, तर ती मधमाशी, गांधीलमाशी किंवा पंखांची मुंगी. पंखच नसले तर शेपटाकडे पाहावे: जुन्या पुस्तकांतून सुळकन पळणाऱ्या रुपेरी कसरीच्या शेपटाशी तीन लांब केस असतात.

त्यानंतर तोंड. चावून खाणाऱ्याला जबडे असतात, शोषून पिणाऱ्याला सोंड असते. धान्यातील सोंडे हे नाव आपल्या आजीबाईंनी किती मार्मिकपणे ठेवले आहे पाहा! तांदळाच्या दाण्याहूनही लहान अशा या भुंगेऱ्याचे डोके पुढे निमुळते होऊन सोंडेसारखे लांबते, व त्या सोंडेच्या टोकास असलेल्या जबड्यांनी तो दाणा पोखरतो. पिठात सापडणाऱ्या तांबूस, चपट्या भुंगेऱ्यास अशी सोंड नसते. सोंड दिसली तर अख्ख्या दाण्यांचा डबा तपासावा, न दिसली तर पिठाचा व रव्याचा.

(३) पाहण्याची रीत

किडा हातात धरू नये. त्यावर काचेचा पेला पालथा घालावा, पेल्याखालून एक जाड कागद हळूच सरकवावा, व पेला कागदासह उचलून उजेडात न्यावा. घरातील एखादे भिंग असल्यास उत्तम. नसल्यास काचेतूनही पुष्कळ दिसते. हल्ली बहुतेक घरांत छायाचित्र घेणारा मोबाइल असतो. त्याने वरून एक व बाजूने एक असे दोन फोटो घ्यावेत, व शेजारी मोजपट्टी ठेवावी म्हणजे आकाराचा अंदाज चुकत नाही. मोबाइलमधील एखादी युक्ती किड्याचे नावही सुचविते. पण ते अनुमान आहे असे समजून पाय, पंख व तोंड यांच्याशी ताडून पाहिल्याखेरीज स्वीकारू नये.

मग वहीत पाच गोष्टी लिहाव्यात: कोठे सापडला, केव्हा सापडला, एकटा होता की अनेक, लांबी किती मिलिमीटर, आणि बसताना वा चालताना त्याची ठेवण कशी होती. नाव सर्वांत शेवटी. ज्याने नाव ऐकले पण पाहिले नाही त्याच्यापेक्षा, ज्याने नीट पाहिले पण नाव ठाऊक नाही, तो सत्याच्या अधिक जवळ असतो. ही केवळ बोधवचनाची गोष्ट नव्हे, हे पुढील इतिहासावरून दिसेल.

(४) ठिपकेदार पंखांचा डास

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिवतापाने या देशात दरवर्षी असंख्य माणसे मरत. १८८० साली लॅव्हरां या फ्रेंच डॉक्टराने रोग्याच्या रक्तात त्या तापाचा सूक्ष्म जंतू पाहिला होता. परंतु तो एका माणसातून दुसऱ्यात जातो कसा, हे कोणालाच ठाऊक नव्हते. अल्मोड्यास जन्मलेले सर्जन रोनाल्ड रॉस हे तेव्हा सिकंदराबादेच्या छावणीत नोकरीस होते. सिकंदराबाद त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात असून आपला औरंगाबाद जिल्हाही १९४८ पर्यंत त्याच संस्थानाचा भाग होता. म्हणजे ही गोष्ट एका अर्थी आपल्याच मुलखातली आहे.

रॉस यांचा संशय डासावर होता. १८९५ पासून ते डासांस तापकऱ्यांचे रक्त पाजीत, मग एकेक डास सूक्ष्मदर्शकाखाली फाडून पाहत. हाती काही लागेना. कारण ते जे डास तपासीत होते ते करडे व पट्ट्यापट्ट्यांचे, सहज मिळणारे होते, आणि त्यांच्या पोटात हिवतापाचा जंतू वाढतच नाही. १८९७ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या हाती काही निराळे डास आले. ते तपकिरी असून त्यांच्या पंखांवर ठिपके होते. रॉस हे कीटकशास्त्रज्ञ नव्हते. या डासाचे शास्त्रीय नाव त्यांस ठाऊक नव्हते. त्यांनी त्यास नुसते ‘ठिपकेदार पंखांचा डास’ असे म्हटले व तो इतरांहून वेगळा आहे, हे टिपून ठेवले. हुसेन खान नावाच्या एका रोग्याचे रक्त या डासांस पाजण्यात आले. त्याबद्दल त्यास प्रत्येक डासामागे एक आणा मिळे. २० ऑगस्ट १८९७ रोजी अशा एका डासाच्या जठराच्या भिंतीत रॉस यांस काळ्या कणांनी युक्त अशा गोल पेशी दिसल्या. हेच कण त्यांनी हिवतापाच्या जंतूत पूर्वी पाहिले होते. दोन वर्षे लपून बसलेला धागा सापडला! पुढील वर्षी कलकत्त्यास पक्ष्यांच्या हिवतापावर प्रयोग करून त्यांनी जंतूचा संपूर्ण प्रवास उलगडला, आणि १९०२ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाचा हिवताप याच जातीच्या डासाने पसरतो, हे ग्रासी प्रभृती इटालियन शास्त्रज्ञांनी १८९८ मध्ये सिद्ध केले. हा डास म्हणजे अ‍ॅनाफिलिस होय.

‘डास तो डास’ असे म्हणून ते चार किडे फेकून दिले असते तर? लाखो लोकांच्या जीविताशी निगडित असलेला शोध पंखांवरील काही ठिपक्यांवर अवलंबून होता, आणि ते ठिपके पाहावयास असामान्य विद्वत्ता लागली नाही. लागला तो डोळसपणा.

आज आपल्या घरी तीन प्रकारचे डास ओळखता येणे हे प्रत्येक मुलाचे काम आहे. अ‍ॅनाफिलिस भिंतीवर बसतो तेव्हा त्याचे शरीर तिरपे, शेपूट वर उचललेले असते. तो रात्री चावतो. क्युलेक्स हा तपकिरी डास भिंतीस समांतर, किंचित कुबड काढल्यासारखा बसतो. गटाराच्या घाण पाण्यात वाढतो, व हत्तीरोग पसरविणारा डास याच कुळातला आहे. तिसरा एडिस. तो काळा असून पायांवर पांढरे पट्टे असतात. तो दिवसा चावतो, आणि डेंग्यू व चिकुनगुन्या हे ताप पसरवितो. हा शौकीन डास गटाराकडे फिरकत नाही. त्याला आपल्या घरातले स्वच्छ, साठलेले पाणी आवडते.

मराठवाड्यात पाणी जपून वापरावे लागते, आणि म्हणून ते पिंपांत, रांजणांत व टाक्यांत साठविले जाते. आपल्या काटकसरीचा फायदा हा डास घेतो. अंड्यापासून पंख फुटलेला डास होण्यास उन्हाळी हवेत साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळून सर्व भांडी रिकामी करावीत. परंतु नुसते पाणी ओतून भागत नाही. एडिसची अंडी भांड्याच्या काठाशी चिकटलेली असतात व ती कोरडी पडली तरी कित्येक महिने जगतात. पाणी भरताच पुन्हा सजीव होतात. यासाठी भांडे आतून घासले पाहिजे व नंतर घट्ट झाकले पाहिजे. दिवसा पायाला चावलेल्या डासाचे पट्टे ज्या मुलाने पाहिले, त्याने आईला ‘डास चावला’ एवढेच न सांगता ‘रांजण घासू या’ असे सांगावे. ओळखीचा उपयोग तो हाच.

(५) पंखांची मुंगी की पंखांची वाळवी?

पहिल्या पावसानंतरच्या संध्याकाळी दिव्याखाली पंखांचा सडा पडतो. हे पंख कोणाचे? वाळवीस पुष्कळ लोक पांढरी मुंगी म्हणतात, पण मुंगीशी तिचे नाते नाही. तिचे जवळचे आप्त म्हणजे झुरळे. दोघींतील भेद तीन ठिकाणी पाहावा. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे व शरीरापेक्षा पुष्कळ लांब असतात. मुंगीचे पुढचे पंख मागच्यांहून मोठे असतात. वाळवीची कंबर जाड, सरळसोट. मुंगीची कंबर कातरल्यासारखी बारीक. वाळवीच्या मिशा मण्यांच्या माळेसारख्या सरळ; मुंगीच्या मिशा कोपरात वाकलेल्या.

हे पाखरू म्हणजे वारुळातून नव्या संसारासाठी बाहेर पडलेले राजा किंवा राणी होय. पंख गाळून ती जोडी जमिनीत शिरते. ही पाखरे अंगणातल्या दिव्यावर बाहेरून आली असतील तर काळजीचे कारण नाही. पाली, बेडूक व पक्षी त्यांतील बहुतेकांचा समाचार घेतात. पण ती घराच्या आतून, भिंतीच्या फटीतून वा चौकटीच्या बुडाशी निघताना दिसली, तर वाळवीचे घर आपल्या घराखाली आहे असे समजावे. मग भिंतीवर मातीच्या बारीक नळ्यांसारख्या वाटा आहेत का ते पाहावे, चौकटीवर बोटाने टकटक करून पोकळ आवाज येतो का ते ऐकावे, आणि पुस्तकांची व कागदपत्रांची पेटी भिंतीपासून दूर व जमिनीपासून उंच ठेवावी. जमिनीचा सातबारा व मुलांचे दाखले वाळवीने खाल्ले म्हणजे जी यातायात पडते, तिच्यापुढे हे श्रम कितीतरी थोडे आहेत.

(६) ज्याला चापट मारू नये तो

आता त्या भाजणाऱ्या पाहुण्याविषयी. पावसाळ्यात रात्री दिव्याजवळ सात ते दहा मिलिमीटर लांबीचा एक सडपातळ किडा येतो. प्रथमदर्शनी तो मोठ्या मुंगीसारखा वाटतो. त्याचे डोके काळे, छाती नारिंगी, मधला भाग निळसर-हिरवट चकाकणारा, पोट नारिंगी व शेपटाचे टोक पुन्हा काळे असते. तो चपळाईने धावतो व डिवचल्यास शेपूट वर उचलतो. निळसर भाग म्हणजे त्याचे आखूड ढालपंख. म्हणजे हा मुंगी नसून भुंगेरा आहे. शास्त्रात यास पीडेरस म्हणतात. शेतात हा लहान किडी खातो, म्हणून शेतकऱ्याचा मित्रच आहे.

परंतु त्याच्या अंगातील रसात एक दाहक विष असते. तो चावत नाही की नांगी मारीत नाही. मानेवर काही वळवळले म्हणून आपण झोपेत चापट मारतो, किडा चिरडतो व रस कातडीवर पसरतो. त्या वेळी काहीच जाणवत नाही. साधारण एक दिवसाने तेथे लाल पट्टा उठतो, आग होते व फोड येतात. तोपर्यंत किड्याची आठवणही राहिलेली नसते. त्यामुळे ‘कोळी चाटून गेला’ किंवा ‘नागीण झाली’ असे निदान घरोघर होते व भलतेच उपचार सुरू होतात. तोच हात डोळ्यास लागला तर डोळाही सुजतो.

उपाय सोपा आहे, पण तो किडा ओळखणाऱ्यालाच सुचेल. अंगावर बसल्यास फुंकर मारून किंवा कागदाच्या कडेने त्यास उडवावे. चिरडलाच गेला तर ती जागा ताबडतोब साबणाने व भरपूर पाण्याने धुवावी, चोळू नये, आणि फोड आल्यास डॉक्टरांकडे जावे. रात्री अभ्यास करताना दिवा अंथरुणाच्या अगदी वर असू नये, खिडकीस जाळी असावी, व निजण्यापूर्वी दिवा मालवावा. बाजरीच्या कणसांवर येणारे हिंगे हेही असेच फोड आणणारे भुंगेरे आहेत. त्यांसही उघड्या हाताने चिरडू नये.

(७) भिंतीवरची कुंभारीण

शेवटी निरपराध पाहुणीची बाजू मांडणे अवश्य आहे. भिंतीच्या कोपऱ्यात किंवा कपाटामागे बारीक कंबरेची एक माशी चिखलाच्या गोळ्या आणून सुबक कोठी बांधते. तिला आपण कुंभारीण म्हणतो. नांगी पाहून लोक भितात. पण गांधीलमाश्यांप्रमाणे थव्याने राहून पोळ्याच्या रक्षणार्थ हल्ला करणारी ही नव्हे. ही एकटीच राबते व छेडल्याशिवाय सहसा डसत नाही. हिची एक जात कोठीत अळ्या भरते, दुसरी कोळी भरते. भक्ष्यास ती नांगीने बधिर करते, ठार मारीत नाही, म्हणून ते नासत नाही. त्याच कोठीत ती अंडे घालते, दार लिंपते व निघून जाते. अंड्यातून निघालेले पिलू तो साठा खाऊन वाढते, कोष करते व यथाकाल पंख घेऊन बाहेर पडते.

कोठीत अळी गेली आणि माशी बाहेर आली, हे पाहून आपल्या पूर्वजांनी असा तर्क केला की माशीच्या ध्यासाने अळीच माशी झाली. यावरूनच ‘भ्रमर-कीट न्याय’ ही उक्ती रूढ झाली. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने जे चोवीस गुरू सांगितले आहेत, त्यांत या माशीचाही समावेश आहे, आणि त्या स्कंधावर मराठी टीका लिहिणारे श्रीएकनाथ हे आपल्या शेजारच्या पैठणचे. ज्याचा ध्यास घ्यावा तसे आपण होतो, ही दृष्टान्तातील शिकवण आपल्या जागी खरी आहे. कोठीतला प्रकार मात्र निराळा आहे: आत गेलेली अळी अन्न झाली, आणि बाहेर आली ती आईचीच लेक. चिखलाची कोठी एखाद्या शांत कोपऱ्यात असू दिली तर हा सारा क्रम विद्यार्थ्यास घरबसल्या पाहता येईल.

(८) खरोखरच नवा पाहुणा

कधी कधी किडा आपल्यालाच नव्हे तर साऱ्या देशाला अनोळखी असतो. २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकातील शिवमोग्ग्याच्या मक्यावर एक निराळी अळी आढळली. ती अमेरिका खंडातील लष्करी अळी निघाली; तत्पूर्वी ती भारतात नोंदली गेली नव्हती. त्याच वर्षी ती महाराष्ट्रात आली व आपल्या जिल्ह्यातील मक्यालाही तिने सोडले नाही. तिची ओळख दोन खुणांवरून पटते: डोक्यावर इंग्रजी ‘वाय’ अक्षर उलटे काढल्यासारखी फिकट रेघ, आणि शेपटाकडे चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर ठेवावेत तसे चार काळे ठिपके. पंखांवरील ठिपक्यांनी १८९७ साली जे काम केले, तेच काम या चार ठिपक्यांनी केले. ज्या शेतकऱ्याने ते वेळीच पाहिले त्याला पोग्यातील अळी लहान असतानाच उपाय करता आला.

म्हणून पुस्तकाशी न जुळणारा किडा सापडला तर तो टाकून न देता लहान बाटलीत, सापडल्याच्या जागेची व तारखेची चिठ्ठी लावून ठेवावा व शिक्षकांस दाखवावा. त्यांसही उलगडा न झाल्यास पैठण रस्त्यावरील कृषी विज्ञान केंद्र व परभणीचे कृषी विद्यापीठ येथील तज्ज्ञांस विचारता येते. जगात कीटकांच्या सुमारे दहा लाख जातींस आजवर नावे मिळाली आहेत, आणि अद्याप नाव न मिळालेल्या त्याहून कितीतरी अधिक असाव्यात असे शास्त्रज्ञ मानतात. तेव्हा प्रत्येकाचे नाव सांगता आले नाही, यात कमीपणा नाही. पाय न मोजताच नाव सांगणे हा मात्र आळस होय.

पालकांस एकच विनंती आहे. मूल पेल्याखाली किडा धरून ‘हे काय?’ असे विचारीत आले, तर ‘फेकून दे’ म्हणू नये. ‘पाय किती आहेत?’ असे उलट विचारावे.

स्वाध्याय

१. पावसाळ्यातील एका संध्याकाळी घरच्या दिव्यावर आलेले पाच निरनिराळे कीटक पाहून प्रत्येकाविषयी लेखात सांगितलेल्या पाच गोष्टी वहीत लिहा.

२. दिव्याखाली पडलेले चार पंख कागदावर चिकटवा. ते वाळवीचे की मुंगीचे, हे कारणासह सांगा.

३. घरातील पाणी साठविण्याच्या सर्व भांड्यांची यादी करा. त्यांतील कोणती मागील आठ दिवसांत आतून घासली गेली नाहीत? ती आजच घासा.

४. कोळी, विंचू व मृगाचा किडा हे कीटक का नव्हेत, ते घरातील लहान भावंडास समजेल अशा भाषेत सांगा.